स्टीलचा पॅन घेताना आधी बूड पाहा

नुसतं स्टील उष्णता नीट पसरवत नाही. म्हणून एकपदरी पॅनमध्ये आचेच्या वर्तुळावर कांदा करपतो आणि कडेचा कच्चाच राहतो. उपाय ट्रायप्लायचा: आतबाहेर स्टील, मध्ये ॲल्युमिनिअम. ॲल्युमिनिअम स्टीलच्या दहापटीहून अधिक चांगलं उष्णतावाहक आहे. हा थर थेट काठापर्यंत हवा. नुसती बुडाला चकती बसवलेली असेल, तर बाहेरून तिचा सांधा दिसतो. अशा पॅनमध्ये चकती संपते त्या कडेलाच मसाला लागतो. एकूण जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास पुरे.

आतलं स्टील ३०४, म्हणजेच १८/८ घ्यावं: साधारण १८ टक्के क्रोमिअम, ८ टक्के निकेल. २०० मालिकेतलं स्वस्त स्टील मीठ-चिंचेपुढे तितकं टिकत नाही. चुंबक चिकटला म्हणून पॅन हलका ठरवू नका. इंडक्शनसाठी बाहेरचा थर मुद्दाम चुंबकीय ठेवतात.

आणि चिकटण्याची भीती? रिकामा पॅन मध्यम आचेवर तापवा. पाण्याचा थेंब चर्रकन न आटता गोळी होऊन पळू लागला, की आच जरा कमी करून तेल घाला, मग मासा सोडा. खालून खरपूस झाला की तुकडा आपसूक सुटतो. तोवर उलथनं लावू नका.