सरव्याचा हक्क

भात कापून झाल्यावर नेरळच्या खाचरांत काही लोंब्या मागे राहतात. अशा उरलेल्या धान्याला मराठीत सरवा म्हणतात. मराठी बायबलमध्ये रूथ ही विधवा परक्या गावच्या शेतात जे वेचायला जाते, तोही सरवाच.

त्यामागे नियम आहे. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेतमालकाला बजावलं आहे की, शेताच्या कडा पुरत्या कापू नकोस, पडलेलं उचलू नकोस. ते गरिबाचं आणि परक्याचं. म्हणजे हा उपकार नव्हे, हक्काचा वाटा. बायबलमधल्याच दशमांशापेक्षा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागापेक्षा, मला हा नियम अधिक बोलका वाटतो.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला दानाचा आकडा सांगतच नाही. ज्यानं त्यानं मनाशी ठरवावं, पण कुरकुरत देऊ नये, एवढंच. येशू तर मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचं दान सर्वांत मोठं मानतो, कारण तिच्यापाशी मागे काहीच उरलेलं नव्हतं. शिवाय उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतो. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांची इथे जरा पंचाईत होते!

अशा देण्याचं एक उदाहरण आपल्याकडेही आहे. नेरळहून रेल्वेनं घाट चढून पुणे ओलांडलं की दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायकांना आसरा दिला, तो याच केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया. तिथे नुसतं जेवण नव्हतं. शेती, विणकाम, छपाईही शिकवली जाई. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं.