आठ हातांची पाहुणी

हौसेनं मासे पाळणारे पुष्कळ दिसतात. कुणाकडे गोल्डफिश, कुणाकडे गप्पी. पण मैत्रिणींनो, घरात ऑक्टोपस पाळलेला ऐकलाय कधी?

माझी भाची अमेरिकेत, सॅन दिएगोला असते. तिच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. तीत मुठीएवढ्या अंगाची एक ऑक्टोपस मादी राहायची. जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचीच. दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळं वर्तुळ, म्हणून तिकडे हिला ‘टू-स्पॉट’ म्हणतात. कोकणातल्या बाजारात माकूल येतं ना, त्याच्याच नात्यातली!

“मावशी, अगं बाळंतिणीसारखं जपावं लागतं,” भाची फोनवर सांगायची. टाकी सुमारे दोनशे लिटरची. पाण्यात मीठ टाकलं की झालं, असं नाही. आधी दोन-तीन महिने टाकी नुसती चालू ठेवायची. त्या काळात घाण पचवणारे जीवाणू तयार होतात आणि विषारी अमोनिया शून्यावर येतो. विरजण लागल्याशिवाय दही नाही, तसंच हे. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर जिवावरच बेततं. गंमत बघा, हिच्या स्वतःच्या रक्तात मात्र तांबंच असतं, म्हणून ते निळं! आणि हृदयं म्हणाल तर तीन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घट्ट झाकण. अंगात हाड नाही, कडक काय ती पोपटासारखी चोच. चोच जाईल त्या फटीतून सगळं अंग निघतं. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातला ‘इंकी’ २०१६ मध्ये असाच टाकीतून निसटला आणि सांडपाण्याच्या पाइपातून थेट समुद्राकडे गेला.

खायला रोज खेकडा नाहीतर कोळंबी. शिवाय डोक्याला खाद्य हवं ते वेगळंच! झाकणाच्या बाटलीत खेकडा घालून दिला की ही बाई झाकण फिरवून तो काढायची. भाची दिसली की काचेशी यायची, परका माणूस दिसला की भांड्यात दडायची. अशा जिवाचं आयुष्य मात्र जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं.

एक दिवस तिनं भांड्याच्या आत अंडी घातली. नर कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे पिल्लं निघणार नव्हती. तरी ती अंड्यांपासून हलेना. त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडायची, हातांनी ती पुसायची. खेकडा पुढे धरला तर दूर सारायची. “आजी, ती जेवत का नाही?” भाचीची सात वर्षांची लेक मला फोनवर विचारायची. काही आठवड्यांनी ती गेली. पोरगी दोन दिवस धड बोलली नाही. भाची म्हणाली, “मावशी, आता पुन्हा नाही गं पाळणार.”

ऐकून मलाही भरून आलं. ‘आई ती आईच,’ असं ओठांवर आलं होतं. पण नंतर वाचनात आलं ते वेगळंच. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञानं अंड्यांवर बसलेल्या ऑक्टोपस माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या. त्या माद्यांनी अंडी राखणं सोडलं, पुन्हा खायला सुरुवात केली आणि जास्त जगल्या. म्हणजे हा त्यागबिग नव्हेच, तो ग्रंथीचा हुकूम. तिला निवड नव्हती.

इथेच मी अडखळले. बचत गटाच्या बायकांसाठी आम्ही रक्ततपासणीची शिबिरं घेतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. कारणं अनेक आहेत. पण “सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खाते हो ताई,” हे वाक्य प्रत्येक शिबिरात कानावर पडतं. वर त्याचं कौतुकही होतं, ‘किती सोशिक आहे!’

आपल्याला कुठल्या ग्रंथीनं असा हुकूम दिलाय? दिलाय तो रीतीनं नि सवयीनं. सवय मोडायला शस्त्रक्रिया लागत नाही. पोळ्या आधी करून डबा झाकून ठेवा, भाजी-आमटी मधोमध मांडा आणि ज्याचं त्यानं वाढून घेऊ द्या. आणि सगळ्यांच्या पंगतीत तुमचंही ताट मांडा. चार दिवस घरातले बघत राहतील, पाचव्या दिवशी तेच तुम्हाला जेवायला हाक मारतील.