दोन मॉनिटर आणि बोलीचा पुरावा

बल्लारशाह, आलापल्लीच्या डेपोतील सागवानाची बोली पूर्वी डेपोतच पुकारली जाई. आता इमारती लाकूड, बांबू व तेंदूपानाच्या व्यवहारात ई-लिलाव व ई-निविदा रुळल्या आहेत. आरागिरणीवाले व ठेकेदार मंडळींपैकी काहीजण संगणकाला दोन मॉनिटर जोडतात: एकावर बोली, दुसऱ्यावर खातेवही. सोय चांगली आहे. पण अनामत रकमेचा वाद निघाला की पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, शोधावे लागते आणि तेथेच घोटाळा होतो.

सर्वसाधारण तक्रार अशी की, चित्रात दोन्ही पडदे येतात. विंडोज व प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्यास संगणक दोन्ही मॉनिटर मिळून एकच चित्र साठवतो. असे चित्र घाईत पुढे पाठवले, तर आपल्या गिऱ्हाइकांची उधारीही परक्याच्या हाती जाते.

ऑल्ट व प्रिंट स्क्रीन दाबल्यास फक्त चालू खिडकी टिपली जाते. मात्र खालचे घड्याळ सुटते. पुराव्याला वेळ हवीच. म्हणून विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा दाबाव्यात व माऊसने बोलीचा भाग घड्याळासह आखून घ्यावा. त्यासाठी बोलीची खिडकी घड्याळ असलेल्या मॉनिटरवर ठेवावी.

चित्र कापलेले किंवा सरकलेले आल्यास डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरचे स्केल पाहावे. एकाचे १०० व दुसऱ्याचे १२५ टक्के असल्यास जुने सॉफ्टवेअर गोंधळते. दोन्ही सारखे करावे.

लॅपटॉपवर पडद्याचे रेकॉर्डिंग काळे येत असेल, तर बहुधा त्यात दोन ग्राफिक्स चिप असतात. ग्राफिक्स सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी दुसरी चिप निवडून पाहावी. काही सॉफ्टवेअर मात्र सुरक्षेसाठी मुद्दामच चित्र घेऊ देत नाहीत. तो बिघाड नव्हे, त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नयेत.

आम्ही व्यापारी बांधवांना एवढेच सुचवू: लिलावाच्या आदल्या दिवशी एक चित्र घेऊन, उघडून पाहावे. शिवाय स्क्रीनशॉट हा जोड पुरावा आहे. बोलीची व अनामत भरल्याची पावती त्याच दिवशी उतरवून, छापून फाईलला लावावी.