मागच्या सीटवर बसवलेला माणूस

अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि तिथले पोलीस या विषयावर हॉलिवूडने पुष्कळ पिक्चर काढले. त्यातले बरेचसे आपल्या होस्टेलवर या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फिरत असतात. रात्र जागून आपण ते बघतो, शेवटी डोळ्यांत पाणी येतं, 'काय मूव्ही आहे यार!' म्हणतो आणि शांत झोपतो. माझी तक्रार नेमकी या शांत झोपेबद्दल आहे.

१९८८ सालचा 'मिसिसिपी बर्निंग' घ्या. अॅलन पार्करचा हा पिक्चर एका खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे, म्हणून आधी ते प्रकरण बघू. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करायची मोहीम चालू होती. कागदावर हक्क होताच, पण नाव नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जायची, घर जळायचं, कधी जीवही जायचा. २१ जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते एका जाळलेल्या चर्चची चौकशी करून परत येत होते. चेनी तिथलाच, कृष्णवर्णीय, वय २१. बाकी दोघे न्यूयॉर्कचे गोरे. गुडमन तर अवघा २० वर्षांचा, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या पोराएवढा! डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसने गाडी वेगात चालवल्याच्या नावाखाली त्यांना पकडलं, रात्री सोडलं, वाटेत पुन्हा अडवलं आणि कू क्लक्स क्लानच्या टोळीच्या हवाली केलं. ४४ दिवसांनी एका मातीच्या बंधाऱ्याखाली तिघांची प्रेतं सापडली.

आता गंमत बघा. खरी गाडी चेनी चालवत होता. पिक्चरमध्ये गाडी एक गोरा मुलगा चालवतो आणि कृष्णवर्णीय मुलगा मागच्या सीटवर असतो. त्याला नावसुद्धा नाही. नामावलीत लिहिलंय, 'ब्लॅक पॅसेंजर'. ज्या माणसाचं ते गाव, ज्याची ती लढाई, तो आपल्याच गोष्टीत पॅसेंजर!

पुढचे दोन तास जीन हॅकमन आणि विलेम डफो या एफबीआयच्या दोन गोऱ्या साहेबांचे. कृष्णवर्णीय लोक घाबरतात, मार खातात, प्रार्थना करतात, बस्स. हॅकमन डेप्युटीच्या बायकोचा विश्वास जिंकतो आणि प्रेतं कुठे पुरली ते तिच्याकडून कळतं. प्रत्यक्षात ती जागा पैसे देऊन मिळवलेल्या खबरीवरून सापडली. आणि ज्या एफबीआयला इथे देवदूत केलंय, तीच त्या काळात मार्टिन ल्यूथर किंगवर छुपी पाळत ठेवत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने किंगना एक निनावी पत्रही पाठवलं, जीव द्या असं सुचवणारं. शोध चालू असताना मिसिसिपी नदीत हेन्री डी आणि चार्ल्स मूर या आणखी दोन कृष्णवर्णीय तरुणांची प्रेतं सापडली. मे महिन्यापासून ते बेपत्ता होते, पण त्यांच्यासाठी कोणी नदी-नाले पिंजून काढले नव्हते. त्यांच्याबरोबर गोरे कोणी नव्हते ना!

मिसिसिपी राज्याने तेव्हा खुनाचा खटलाच भरला नाही. १९६७ मध्ये केंद्राच्या कोर्टात कटाच्या आरोपाखाली सात जण दोषी ठरले, सगळ्यात मोठी शिक्षा १० वर्षं. राज्याच्या कोर्टात पहिला माणूस दोषी ठरला तो थेट २००५ साली, तोही सदोष मनुष्यवधासाठी.

नायक गोरे का, असं विचारल्यावर खुद्द पार्करचं उत्तर असं होतं की ते गोरेच असावे लागले, समाजच तसा आहे. हे निदान प्रामाणिक उत्तर झालं.

दुसरा नमुना 'क्रॅश'चा. २००६ साली याला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं. यातला गोरा पोलीस झडतीच्या निमित्ताने एका कृष्णवर्णीय बाईशी नवऱ्यादेखत अश्लील वागतो. दुसऱ्या दिवशी तोच पोलीस तिलाच पेटत्या गाडीतून बाहेर काढतो. झालं, हिशोब फिटला! माणूस तसा वाईट नाही, असं म्हणत आपण उठतो. पण अशा पोलिसाला ठाण्यात कोण सांभाळून घेतं, तक्रारीचं पुढे काय होतं, हे बाजूलाच राहतं. तोच ट्रान्झिस्टर दर महिन्याला जळत असेल तर सर्किट तपासायचं, हे आपल्याला लॅबमध्ये शिकवतात. पिक्चरवाले मात्र ट्रान्झिस्टरचं मन वळवतात.

स्पाइक लीने १९८९ मध्ये 'डू द राइट थिंग'मध्ये असलं काही केलं नाही. ब्रुकलिनच्या एका गल्लीत पोलीस दंडुक्याने गळा आवळून एका तरुणाला मारतात, त्याचं प्रेत गाडीत घालून निघून जातात, आणि कोणाचं मन वगैरे पालटत नाही. पिक्चर बघून दंगल होईल अशी भीती तेव्हा काही समीक्षकांनी छापली होती, मेलेल्या पोराची काळजी त्या मानाने कमी दिसली. बेस्ट पिक्चरच्या यादीतही तो आला नाही. त्या वर्षीचं बक्षीस 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला, म्हणजे गोरी म्हातारी आणि तिच्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरच्या मैत्रीला गेलं. निदान इथे स्टिअरिंग तरी त्याच्या हातात होतं!

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर एक पोलीस ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा दाबून बसला. रस्त्यावरच्या एका १७ वर्षांच्या मुलीने फोनवर ते सगळं शूट केलं. त्यात म्युझिक नाही, हिरो नाही, पोलिसाचं दुःखी बालपण नाही. त्या पोलिसाला पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता, प्रकृती बिघडून एक इसम मरण पावला एवढंच होतं.