साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन: अमेरिकेतील पहिल्या मराठी पिढीच्या वाढदिवसांचा मागोवा

१९४० च्या आसपास महाराष्ट्रात जन्मलेली, स्वातंत्र्यानंतरच्या दीड दशकात अभियांत्रिकी, वैद्यक किंवा विज्ञान शिकलेली आणि पंचविशी-तिशीत अमेरिकेत जाऊन तिथेच स्थिरावलेली मराठी माणसे ही त्या देशातील मराठी समाजाची खऱ्या अर्थाने पहिली पिढी होय. त्यांच्याआधीही मराठी विद्यार्थी आणि संशोधक तिथे गेले होते. परंतु १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी ठरवलेली मर्यादा वर्षाला अवघी शंभर माणसे इतकी तोकडी होती, की त्यातून समाज उभा राहणे शक्यच नव्हते. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली, त्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली, शिक्षित व्यावसायिकांना प्राधान्य दिले आणि मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना अमेरिकेचे दार उघडले. या पिढीने २००० मध्ये साठी, २०१५ मध्ये पंचाहत्तरी आणि २०२०-२१ मध्ये सहस्रचंद्रदर्शन असे टप्पे गाठले, आणि हे तिन्ही टप्पे तिने जन्मगावापासून हजारो मैलांवर साजरे केले. त्या सोहळ्यांचे रूप कसे घडत आणि बदलत गेले, याचा हा मागोवा आहे.

वयाच्या टप्प्यांना मराठी घरांत जे महत्त्व आहे, त्याची मुळे कालगणनेत आहेत. महाराष्ट्रात पाळल्या जाणाऱ्या शालिवाहन शकात प्रत्येक वर्षाला ‘संवत्सर’ म्हणतात. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरांची नावे साठ असून ती संपली की चक्र पुन्हा प्रभवापासून सुरू होते. त्यामुळे साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात त्याच्या जन्माचे संवत्सर नावानिशी परत येते. शके १८६२ म्हणजे १९४०-४१ मध्ये विक्रम संवत्सरात जन्मलेल्यांना शके १९२२ म्हणजे २०००-०१ मध्ये पुन्हा विक्रम संवत्सरच लाभले. यालाच षष्ट्यब्दिपूर्ती म्हणतात आणि त्या वेळी करायच्या विधीला उग्ररथ शांती असे नाव आहे. पन्नाशीची वैष्णवी, सत्तरीची भैमरथी, पंचाहत्तरीची ऐंद्री अशा इतरही वयोवस्था शांती, म्हणजे ठरावीक वय गाठल्यावर करायचे विधी, सांगितलेले आहेत. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब याहून वेगळा आहे: एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो, म्हणून एक हजार पौर्णिमा पाहायला सुमारे ऐंशी वर्षे दहा महिने लागतात. विधीला जोडून कणकेच्या दिव्यांनी औक्षण होते, दिव्यांची संख्या वयाइतकी धरली जाते, आणि ऐपत व आवड असेल तर गुळाची, नाण्यांची किंवा ग्रंथांची तुलाही होते.

या सोहळ्यांचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवायला हवे. साठीशांत माणसाने स्वतःसाठी भरवायची नसते. ती त्याच्यासाठी मुलांनी, सुनांनी, भावंडांनी, पुतण्या-भाच्यांनी घडवून आणायची असते. ओवाळणाऱ्या सुवासिनी, आशीर्वाद देणारे हयात वडीलधारे आणि वाकून नमस्कार करणारी धाकटी मंडळी अशी तीन पिढ्यांची उपस्थिती तिथे गृहीत असते. सार्वजनिक जीवनात हीच रीत लोकसमुदायाने उचलली. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढचे अनेक वाढदिवस त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढले; पण १९१४ मध्ये सुटका झाल्यामुळे २३ जुलै १९१६ रोजी त्यांची साठी पुण्यात होऊ शकली, आणि लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण झाली. माणूस दूर असला तर असा सोहळा कोणी आणि कोणासमोर करायचा, हा प्रश्न अमेरिकेतल्या पहिल्या पिढीसमोर फार लवकर उभा राहिला.

सुरुवातीच्या वर्षांत तो स्वतःच्या वयाचा प्रश्न नव्हता. सत्तरच्या दशकात ही माणसे तिशीत होती, नोकरीत रुजत होती, आणि घरातले वाढदिवस मुलांचे असत; केक, मेणबत्त्या आणि शेजारची अमेरिकन मुले हे त्यांचे ठरलेले रूप होते. घरच्यांच्या आयुष्यातले टप्पे मात्र त्याच वेळी मागे, महाराष्ट्रात, घडत होते. वडिलांची साठी, आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन या साऱ्याला परदेशातला मुलगा एका एरोग्रामपुरता, म्हणजे घडी घालून चिकटवायच्या हवाईपत्रापुरता, हजर असे, आणि ते पत्रही पोचायला आठ-पंधरा दिवस घेई. दूरध्वनीसाठी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. भारतातून थेट परदेशी क्रमांक फिरवण्याची सोय १९७६ मध्ये मुंबई-लंडन मार्गावर सुरू झाली, आणि गल्लोगल्ली एसटीडी-आयएसडी बूथ दिसू लागायला ऐंशीचे दशक उजाडले. विमानभाडे तरुण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे. म्हणून या पिढीचा वयाच्या सोहळ्यांशी पहिला संबंध गैरहजेरीचा होता, आणि पुढे तिने आपल्या साठीला जो उत्साह दाखवला, त्यामागे त्या हुकलेल्या प्रसंगांची रुखरुख होती असे मानायला भरपूर जागा आहे.

याच काळात मंडळे उभी राहिली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू होते. अमेरिकेत शहरोशहरी तशी मंडळे १९७० च्या सुमारास निघाली आणि १९८१ मध्ये त्यांची मध्यवर्ती संस्था म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. गणेशोत्सव, संक्रांत आणि दिवाळीसाठी भाड्याच्या शाळा-सभागृहांत जमणाऱ्या या कुटुंबांनी मंडळाबाहेर आपापसांतही एक व्यवस्था बसवली. दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचे, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा; त्याला ‘पॉटलक’ म्हणत आणि तो शब्द मराठी बोलण्यात सहज मुरला. खवा मिळत नसे तेव्हा दुधाची भुकटी आणि बिस्क्विक नावाचे तयार पीठ यांचे गुलाबजाम झाले, दही टांगून श्रीखंड झाले. पुढच्या सोहळ्यांचा स्वयंपाक आणि त्यांचे मनुष्यबळ याच शनिवारांतून तयार झाले, आणि या बैठकांतली मुले आईवडिलांच्या मित्रांना काका, मावशी, आत्या म्हणूनच ओळखू लागली.

अमेरिकेतल्या भूमीवर मोठ्या वयाचे जे पहिले सोहळे झाले, ते या पिढीचे नव्हते, तिच्या आईवडिलांचे होते. नागरिकत्व घेतलेल्या प्रौढ मुलाला आपल्या आईवडिलांना देशनिहाय मर्यादेबाहेर बोलावून घेता येते, या कायद्यातील तरतुदीमुळे ऐंशीच्या दशकात आजी-आजोबा घरात राहायला आले. काही कायमचे, काही व्हिसाच्या सहा महिन्यांपुरते. त्यांची सत्तरी किंवा पंचाहत्तरी घराच्या तळघरात, ज्याला तिथे बेसमेंट म्हणतात, साजरी होऊ लागली. इथे तारखेचा मोठा घोळ असे. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहून टाकल्याची उदाहरणे असंख्य आहेत. तीच तारीख पुढे पारपत्रावर आली, आणि खरा वाढदिवस केवळ ‘श्रावणातली पंचमी’ अशा तिथीने कुटुंबाच्या स्मरणात राहिला.

तिथी पाळायची ठरवली तरी अडचण संपत नसे. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढायला जो वेळ लागतो ती एक तिथी, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची मानतात. पुण्याच्या सूर्योदयानंतर साधारण दहा ते बारा तासांनी शिकागोत सूर्य उगवतो. एखादी तिथी पुण्यात रविवारी दुपारी संपत असेल, तर शिकागोत रविवारचा सूर्य उगवेपर्यंत ती संपलेलीच असते, आणि तिथल्या सूर्योदयाने ती शनिवारची ठरते. महाराष्ट्रातून मागवलेली दिनदर्शिका भिंतीवर लावून त्यावरून तिथी ठरवणाऱ्या घरांत यामुळे एका दिवसाचा फरक पडे. शिवाय चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने आणि अधिक मासाने ती तूट भरून निघत असल्याने तिथी व तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळजवळ जुळतात; म्हणजे सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वर्षी जुळतात, साठीला किंवा पंचाहत्तरीला नेमक्या जुळत नाहीत. व्यवहारात या साऱ्यावर तोडगा निघाला तो शनिवारचा. तिथी आणि तारीख दोन्ही बाजूला ठेवून जवळच्या शनिवारी, किंवा जोडून सुट्टी येणाऱ्या आठवड्याच्या अखेरीस, सोहळा करायचा हा प्रघात पडला. तो शास्त्राला धरून नसला तरी त्यामागचा विचार निकोप होता, कारण लोक जमणे हेच ज्या प्रसंगाचे सार आहे, तिथे लोकांना जमता येईल तो दिवस निवडणे योग्यच होते.

२००० च्या आगेमागे या पिढीच्या स्वतःच्या साठ्या सुरू झाल्या आणि सोहळ्याचे रूप पूर्णपणे पालटले. मुले विशीत-तिशीत होती, दूरच्या शहरांत शिकत किंवा नोकरी करत होती. उग्ररथ शांती म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव कमी होता. भावंडे भारतात होती. वडीलधारे बहुतेक राहिले नव्हते. नात्याच्या या रिकाम्या जागा मित्रांनी भरल्या, आणि तीस वर्षांच्या शनिवारांचे चीज इथे झाले. सभागृह ठरवणे, जेवण, गाणी, जुन्या छायाचित्रांचा स्लाइड-शो, सत्कारमूर्तीवर लिहिलेली लहानशी स्मरणिका हे सगळे समवयस्कांनी केले. जिथे पुरोहित मिळाला नाही, तिथे पोथी वाचता येणारा एखादा अभियंता मित्रच भटजी झाला. देवळे उभी राहिली होती, न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधील गणेश मंदिरात तर १९७७ मध्येच प्राणप्रतिष्ठा झाली होती. पण मराठी पद्धतीचा विधी तिथे मिळेलच असे नसे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने अर्थासह, संक्षिप्त आणि स्त्री पुरोहितांनाही खुल्या अशा संस्कारांची जी पद्धत रूढ केली, ती परदेशस्थांना विशेष जवळची वाटली, कारण इंग्रजीत वाढलेल्या मुलांना समजावून सांगता येईल असे तिच्यात काही होते. होम घराच्या गॅरेजमध्ये होई, आणि ज्या सभागृहांत उघड्या ज्योतीला मनाई असे तिथे साठ कणकेच्या दिव्यांऐवजी बॅटरीवरचे दिवे ताटात मांडले जात.

परंपरेत धाकट्यांनी थोरांचा गौरव करायचा असतो; इथे बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांचा केला. आज ज्याच्यासाठी दिवे लावले, तो पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी लावणार होता. या परस्परतेमुळे आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद फारशी घेतली गेलेली नाही. मूळ विधीत यजमान पती असतो आणि पत्नी शेजारी बसते. तिच्या स्वतःच्या साठीचा सोहळा जुन्या घरांत क्वचितच होई. परदेशात नोकरी केलेल्या, गाडी चालवत मुलांना शाळा-शिकवण्यांना पोचवलेल्या आणि मंडळांचे अर्धेअधिक काम पेललेल्या स्त्रियांची साठी त्यांच्या मैत्रिणींनी स्वतंत्रपणे केली. हा बदल विधीच्या कोणत्याही संक्षेपापेक्षा अधिक मोलाचा आहे.

पंचाहत्तरीपर्यंत प्रवास आणि संपर्क दोन्ही सुकर झाले होते, त्यामुळे ती अनेकांची दोनदा झाली: एकदा तिथे मित्रांत, आणि एकदा डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईत, राहिलेल्या भावंडांत. दुसऱ्या सोहळ्यात नातवंडांना आजोबांचे गाव आणि शाळा दाखवण्याचा कार्यक्रमही जोडलेला असे.

सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी मात्र कोविडची साथ आली. १९४० मध्ये जन्मलेल्यांची ऐंशी वर्षे २०२० मध्ये आणि हजार पौर्णिमा २०२०-२१ मध्ये पूर्ण होत होत्या. भारताने २३ मार्च २०२० पासून थांबवलेली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या दोन वर्षांत विशेष उड्डाणांखेरीज ये-जा खुंटली, आणि वृद्धांनी माणसांपासून दूर राहावे असा वैद्यकीय सल्ला होता. पडद्यावर चौकटी-चौकटींत मित्र, मुले आणि पुण्यातली भावंडे एकत्र दिसली, आणि औक्षण ज्याच्या त्याच्या घरातून झाले. एकेकाळी वडिलांच्या साठीला एरोग्राम पाठवणाऱ्या माणसांच्या आयुष्यात या प्रसंगी प्रथमच असे घडले, की दोन्ही देशांतले सगळे आप्त एकाच वेळी हजर होते, तरी त्यातल्या कोणाच्याही पाया पडता आले नाही. ज्या मित्रांनी वीस वर्षांपूर्वी सभागृह सजवले होते, त्यांतले काही तोवर राहिले नव्हते.

या सोहळ्यांचा पुरावा आज झपाट्याने नष्ट होत आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या चित्रफिती व्हीएचएस पद्धतीच्या आहेत; अमेरिकेत त्या एनटीएससी प्रणालीत मुद्रित झाल्याने भारतातल्या पाल प्रणालीच्या यंत्रांवर तेव्हाही रूपांतराशिवाय चालत नसत, आणि आता तर त्या चालवणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आहेत. स्मरणिका पन्नास-शंभर प्रतींत छापल्या गेल्या आणि तळघरांत पडून राहिल्या. छायाचित्रांतल्या माणसांची नावे सांगू शकणारे आता ऐंशी पार केलेले आहेत. फिलाडेल्फियातील ‘साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह’ ही २००८ मध्ये स्थापन झालेली संस्था दक्षिण आशियाई कुटुंबांची अशी सामग्री संगणकीय रूपात जपते. ज्या घरांत या चित्रफिती आणि स्मरणिका आहेत, त्यांतील मुलानातवंडांनी त्या टाकून देण्याआधी त्यांचे संगणकीय रूपांतर करून घ्यावे, छायाचित्रांतील प्रत्येकाचे नाव, गाव आणि वर्ष आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवावे, आणि एक प्रत आपल्या शहरातील मंडळाकडे किंवा अशा संग्रहाकडे यंदाच सोपवावी.