खेळाडूचे गाणे, यंत्राचे वाचन

मूळ संहिता वाचकाने आणावयाची आणि तिचे रूपांतर यंत्राने करावयाचे, अशी व्यवस्था व्हिडिओ गेममध्ये १९९९ साली दिसली. मासाया मात्सुउरा यांच्या नानाऑन-शा या जपानी संस्थेने प्लेस्टेशनसाठी 'विब-रिबन' हा खेळ निर्माण केला. खेळ यंत्राच्या स्मृतीत उतरला की त्याची तबकडी काढून आपल्या गाण्यांची सीडी घालता येई. त्या गाण्यावरून एका रेषेवर खड्डे, ठोकळे, वेटोळी, लाटा उमटत आणि रेषांनी काढलेल्या सशाला त्यांवरून न्यावे लागे. २००८ मधील डिलन फिटरर यांच्या 'ऑडिओसर्फ'ने तर गाण्याचा रस्ताच केला : संथ भागी चढ, आवेगाच्या भागी उतार.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असा की, या रूपांतरात गाण्यातील नेमके काय वाचले जाते? मुख्यतः ध्वनीची तीव्रता आणि तिच्यातील आकस्मिक बदल. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ठेका आणि आघात बहुधा एकत्र येतात. त्यामुळे तेथे रूपांतर मुळाशी इमानी वाटते. त्रितालाचे तसे नाही. १६ मात्रांपैकी ९व्या मात्रेवरील काल ओळखू येतो तो डग्ग्याचा घुमारा थांबल्यामुळे. नादाचा अभाव हेच तेथे चिन्ह असते. वुल्फगांग आयझर यांच्या परिभाषेतील रिक्त जागा जाणता श्रोता भरतो. तीव्रता मोजणाऱ्याला ती केवळ रिकामी दिसते. अतीत-अनागताने समेला दिलेली हुलकावणीही त्याला हुलकावणी म्हणून कळणार नाही. भाषा न जाणता अक्षरे मोजणाऱ्या अनुवादकाची ही स्थिती आहे. (असे अनुवादक मनुष्यांतही आढळतात, हा भाग वेगळा.)

उलट बाजूही पाहावी. जबलपूरच्या बडा फुहारा चौकातील दसऱ्याच्या गर्दीचे ध्वनिमुद्रण अशा खेळाला दिले, तर बँडची धून, ढोल, मोटारींचे भोंगे, फेरीवाल्याची हाक या साऱ्यांचा एकच रस्ता होईल. रचना कोणती आणि गोंगाट कोणता, हा विवेक या वाचनात नाही. माझ्या मते यात यंत्राचे औदार्य नसून उदासीनता आहे.

प्रश्न आस्वादाचा आहे. बंदिश पाठ असलेल्या खेळाडूच्या कानाला सम एकीकडे दिसते, डोळ्याला अडथळा दुसरीकडे. आणि गुण मिळतात ते डोळ्याचे ऐकल्यावर. 'विब-रिबन'मध्ये चुका साचत गेल्या की सशाचा बेडूक होतो आणि पुढे अळी. कानावर विसंबून समेवर बटन दाबणाऱ्या रसिकाच्या वाट्याला हीच अवनती येईल.