कराटेतील मुष्टिबंध : रचना व कारणमीमांसा

मूठ वळणे ही मनुष्याची सहजक्रिया आहे. परंतु प्रहार सोसू शकणारी मूठ अभ्यासानेच साध्य होते. मानवी हातातील २७ अस्थींची रचना मुख्यतः धरणे, चाचपणे व हाताळणे यांस अनुकूल आहे. अशा अवयवाने कठीण पदार्थावर आघात केला असता इजा प्रथम आघात करणाऱ्यासच होण्याचा संभव असतो. ओकिनावात वाढलेल्या व १९२२ साली फुनाकोशी गिचिन यांनी तोक्यो येथे प्रात्यक्षिकाने दाखविलेल्या कराटेविद्येत 'सेइकेन' या मुष्टीचे जे नियम आहेत, त्यांचे मर्म या धोक्यात आहे.

प्रथम चारही बोटे मधल्या सांध्यांत दुमडून त्यांची टोके बोटांच्या मुळांशी टेकवावयाची. नंतर मुळाच्या सांध्यांत वाकवून ती तळहातात घट्ट बसवावयाची. आत पोकळी राहता कामा नये. अंगठा बाहेरून तर्जनी व मध्यमा यांच्या मधल्या पेरांवर दाबून धरावयाचा. तो मुठीत कोंडला तर आघाताचा दाब त्याच्यावरच येतो. बाजूस मोकळा राहिला तर अडकून मुरगळतो.

प्रहार तर्जनी व मध्यमा यांच्या मुळांशी असलेल्या उंचवट्यांनीच करावा, हा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. या दोन बोटांच्या करभास्थी, म्हणजे तळहातातील लांब हाडे, मनगटाच्या हाडांशी जवळजवळ अचल जोडलेल्या असतात. अनामिका व करंगळी यांच्या करभास्थी मात्र हलतात. ओंजळ करताना हे सहज दिसते. म्हणूनच अशिक्षित हाताने मारलेल्या ठोशात करंगळीच्या करभास्थीची मान मोडल्याचे वारंवार आढळते.

मनगट सरळ असणेही तितकेच आवश्यक आहे. हाताची पाठ व अग्रबाहू एका रेषेत असल्यास बल अग्रबाहूत उतरते. मनगट वाकलेले असल्यास ते सांध्यासच पिळते. गवताने वेढलेल्या 'माकिवारा' या खांबावरील सरावात ही रेषा प्रत्यक्ष आघाताखाली पारखली जाते.

अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली मृतदेहांच्या हातांवर प्रयोग करून करभास्थींवरील ताण मोजला. अंगठ्याचा आधार असलेल्या घट्ट मुठीने, सैल मुठीच्या तुलनेत, सुमारे ५५ टक्के अधिक बलाचा प्रहार सुरक्षितपणे करता येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मानवी हाताची उत्क्रांती लढण्यासाठी झाली, हे त्यांचे अनुमान विवाद्य आहे. परंतु गुरुपरंपरेने दिलेल्या मुष्टिबंधाच्या उपयुक्ततेस या मोजमापाने पुष्टी मिळते.